निराधारांचे अनुदान: कागदावरचा हक्क खात्यात कसा पोहोचतो?

प्रत्येक वस्तीत अशी काही घरे असतात. नवरा गेलेली बाई आणि तिची शाळकरी मुले. मुले कामासाठी शहरात गेल्यामुळे गावात एकटे उरलेले म्हातारे जोडपे. अपघातात पाय गमावलेला बिगारी. दीर्घ आजाराने घरी बसलेला माणूस. यांच्यासाठी सरकारच्या योजना आहेत आणि त्यातल्या काही चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. तरीही एकाच गल्लीत एका घरी दरमहा १५०० रुपये येतात आणि शेजारच्या, तितक्याच गरजू घरी येत नाहीत. का येत नाहीत असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: "तिची ओळख होती, तिचं नाव बसलं. माझं नाही बसलं."

हे "नाव बसणे" म्हणजे नेमके काय, ते कोण बसवतो, कोणत्या नियमाने बसवतो आणि बसले नाही तर काय करता येते, हे आम्ही या लेखात मांडत आहोत. महाराष्ट्रातल्या निराधारांच्या योजनांपुरतेच आम्ही बोलणार आहोत. कार्यकर्त्यांनी हा लेख माहिती म्हणून वाचावाच, पण आपल्या वस्तीतले एक तरी नाव डोळ्यांसमोर ठेवून वाचावा.

मेहेरबानी नव्हे, राज्याचे कर्तव्य

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये राज्याला सांगितले आहे की आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून त्याने बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व या अवस्थांमध्ये नागरिकांना सार्वजनिक साहाय्य मिळेल अशी तजवीज करावी. अनुच्छेद ४६ मध्ये दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंबंधांची काळजी घेण्याची जबाबदारी आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अनुच्छेद ३७ नुसार ती थेट न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, पण राज्यकारभारासाठी ती मूलभूत आहेत, असेही त्याच अनुच्छेदात म्हटले आहे.

"न्यायालयात दाद मागता येत नसेल, तर या तत्त्वांचा उपयोग काय?" हा आक्षेप संविधान सभेतही आला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. सत्तेवर जो येईल त्याला या तत्त्वांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. न्यायालयात नसले तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्याला जाब द्यावाच लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२८ साली, मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. अडचणीच्या काळात माणसाला आधार देणे हा समाजाचा आणि सरकारचा खर्च आहे, उपकार नाही, हा विचार त्यांच्या राजकारणात पहिल्यापासून होता.

आम्ही हे आधी सांगतो त्याला कारण आहे. आपली माणसे तहसील कार्यालयात जातात तेव्हा अंग चोरून उभी राहतात. काही मागायला आलो आहोत, असे त्यांना वाटते आणि समोरचा माणूसही तसेच वागवतो. विहारात आपण दान देतो तेव्हा देणाऱ्याची इच्छा महत्त्वाची असते. सरकारी अनुदानात कोणा साहेबाच्या इच्छेचा प्रश्नच नाही. नियमात बसणाऱ्या माणसाला ते द्यायचेच असते.

कोणती योजना कोणासाठी?

महाराष्ट्रात या बाबतीतली मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० साली सुरू झाली. ६५ वर्षांखालील निराधार स्त्री-पुरुषांसाठी ती आहे. "निराधार" या शब्दात कोण कोण येते हे बहुतेकांना पूर्ण माहीत नसते. निराधार विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या दिव्यांग व्यक्ती, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे रुग्ण, सिकलसेलचे रुग्ण, देवदासी, वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या स्त्रिया, तृतीयपंथी, ३५ वर्षांवरील अविवाहित निराधार स्त्रिया आणि तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, असे अनेक गट त्यात आहेत. पोलिसांनी उचलून नेलेल्या आणि पुढे शिक्षा झालेल्या माणसाच्या बायकोला आपण या योजनेत बसतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्याच जोडीला केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला दोन्ही मिळून रक्कम दिली जाते.

अनुदान आधी दरमहा ६०० रुपये होते. २०१९ मध्ये ते १००० झाले आणि जुलै २०२३ पासून १५०० झाले. या १५०० मध्ये केंद्राचा वाटा किती, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. ८० वर्षांखालील वृद्धासाठी केंद्र २०० रुपये देते आणि उरलेले १३०० राज्य देते. केंद्राचा हा २०० रुपयांचा वाटा पंधराहून अधिक वर्षे तेवढाच आहे. त्या काळात तेल, डाळ आणि गॅसचे भाव कुठे गेले ते सांगायला नको.

दिव्यांगांच्या बाबतीत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारे साहाय्य किमान २५ टक्क्यांनी जास्त असले पाहिजे. तरी २०२३ च्या वाढीत सगळ्यांना सरसकट १५०० ठरले. राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २५०० केली ती ऑक्टोबर २०२५ पासून. कायद्यातली एक ओळ खऱ्या आयुष्यात उतरायला इतकी वर्षे लागली आणि तीही दिव्यांगांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून मागणी लावून धरल्यावर.

यांच्याशिवाय तीन गोष्टी निराधार कुटुंबाने तपासून घ्याव्यात.

पहिली, राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला, तर कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यू नैसर्गिक असो की अपघाती, फरक पडत नाही. दुःखाच्या दिवसांत अर्ज राहून जातो, म्हणून वस्तीतल्या कोणीतरी पुढाकार घेऊन तो लगेच भरून द्यावा.

दुसरी, बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या, अनाथ किंवा कुटुंब संकटात असलेल्या मुलांसाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. ही योजना महिला व बालविकास विभागाची आहे आणि तिचा आदेश जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. तहसीलमध्ये विचारले तर तिथे तिची माहिती मिळेलच असे नाही, कारण विभागच वेगळा आहे.

तिसरी, रेशन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. विधवा कुटुंबप्रमुख, दिव्यांग, आधार नसलेले वृद्ध यांची घरे अंत्योदयच्या निकषांत येतात. घरात एकटी म्हातारी असेल तर ५ किलो आणि ३५ किलो यांतला फरक किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको. त्याच कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असते.

अर्ज कुठून कुठे जातो?

समजा, एका विधवा बाईने संजय गांधी योजनेसाठी अर्ज करायचा आहे. तिला लागणारे कागद असे: वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि फोटो. दिव्यांगाला सिव्हिल हॉस्पिटलचे अपंगत्व प्रमाणपत्र लागते, आजारी माणसाला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

यात दोन ठिकाणी माणसे अडतात आणि दोन्ही ठिकाणी पर्याय आहे. जन्माची नोंद नसेल आणि शाळेचे तोंडही पाहिले नसेल, तर मतदारयादीतले किंवा रेशनकार्डावरचे वय चालते. तेही नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला घेता येतो. उत्पन्नाचेही तसेच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसेल, पण दारिद्र्यरेषेखालील यादीत कुटुंबाचे नाव असेल, तर त्या यादीचा साक्षांकित उतारा चालतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण एका दाखल्यासाठी महिनोन्‌महिने फिरत राहतात.

कागद जमले की अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत, किंवा सेतू वा महा ई-सेवा केंद्रातून जातो. गावपातळीवर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, चौकशी करून अहवाल देतात. पुढे छाननी होते. त्यानंतर तालुक्याच्या समितीपुढे अर्जांची यादी ठेवली जाते. या समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेला कार्यकर्ता. तहसीलदार सदस्य सचिव असतात. समितीने मंजुरी दिली की नाव लाभार्थ्यांच्या यादीत जाते आणि अनुदान आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागते.

"ओळख होती" हे उत्तर कुठून येते ते आता ध्यानात येईल. समितीत राजकीय नेमणुका असल्यामुळे गावोगावचे पुढारी "मी तुझं नाव बसवलं" असे सांगत फिरतात. खरे तर समितीचे काम नियमात बसणारे अर्ज मंजूर करणे आणि न बसणारे कारण देऊन नामंजूर करणे एवढेच आहे. पात्र माणसाला समितीने मंजुरी दिली तर त्यात तिने कोणावर उपकार केलेला नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत किंवा समितीवर माणसे नेमलेली नसताना बैठक लांबते, आणि अर्ज पडून राहतो. अशा वेळी बाईला कोणी काही कळवत नाही. तिला वाटते आपले नाव बसले नाही आणि ती परत फिरकत नाही.

म्हणून पहिला नियम: अर्ज दिला की पोचपावती घ्यायची. तिच्यावर तारीख, क्रमांक आणि शिक्का असला पाहिजे. पोचपावती नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे उद्या कोणीही म्हणू शकते.

एकवीस हजारांचे कोडे

या योजनांची सर्वांत मोठी अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे, असे आमचे मत आहे. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. अनुदान ६०० चे १००० झाले, १००० चे १५०० झाले, पण मर्यादा २१,००० वरच राहिली.

हिशेब करून पाहू. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५० आणि दिवसाला ५८ रुपयांच्या आत. हे एका माणसाचे नव्हे, सगळ्या कुटुंबाचे उत्पन्न. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. वर्षात १०० दिवस कामाचा हक्क कायद्याने दिला होता. एखाद्या विधवेने त्यातले ७१ दिवस काम केले, तर ७१व्या दिवशी तिचे उत्पन्न २१,००० च्या वर जाते. एका सरकारी कायद्याने दिलेले काम पूर्ण केले, तर दुसऱ्या सरकारी योजनेतून ती बाहेर पडते.

रेशनशी तुलना करा. प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० आहे. म्हणजे धान्यासाठी जी बाई गरीब ठरते, तीच अनुदानासाठी गरीब ठरत नाही. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला तेवढेच १५०० रुपये मिळतात आणि तिथे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे जवळजवळ बारापट. शिवाय पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर त्या योजनेला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण अडीच लाखांच्या घराला कार्ड दाखवून जे मिळते, तेच निराधार विधवेला अठ्ठावन्न रुपयांत घर चालवल्याचा दाखला आणल्यावर मिळावे, यात न्याय कुठे आहे? आणि ६५ वर्षांवरच्या आजीला तर लाडकी बहीण योजना लागूच नाही. तिला पुन्हा श्रावणबाळच्या दारात, त्याच २१,००० च्या दाखल्यासाठी उभे राहावे लागते.

या अटीचा खरा परिणाम वेगळाच होतो. दिवसाला ५८ रुपयांत कोणतेही कुटुंब जगू शकत नाही, हे अर्ज लिहिणाऱ्याला माहीत असते, तलाठ्याला माहीत असते, तहसीलदारांनाही माहीत असते. तरी दाखला २१,००० च्या आतलाच लागतो. मग प्रामाणिक माणूस खरे उत्पन्न सांगतो आणि बाद होतो. ज्याला सांगणारा भेटतो तो "बसवून" घेतो. जिथे सगळ्यांनाच न जमणारा आकडा लिहावा लागतो, तिथे सही करणाऱ्याच्या हातात नको इतकी सत्ता जाते आणि मधल्या माणसाचा धंदा चालतो. वस्त्यांमध्ये जी चिरीमिरीची तक्रार ऐकू येते, तिचे मूळ अनेकदा माणसांच्या लोभाइतकेच या आकड्यात असते.

म्हणून उत्पन्नाची मर्यादा निदान रेशनच्या मर्यादेइतकी करा, आणि अंत्योदय वा प्राधान्य कार्ड असलेल्या विधवा, वृद्ध आणि रुग्णांना वेगळा दाखला मागू नका, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. ही मागणी कोणत्याही एका जातीची किंवा धर्माची नाही. गावकुसाच्या आतल्या म्हातारीलाही हाच आकडा आडवा येतो.

सुरू झालेले पैसे बंद का होतात?

नाव यादीत आले म्हणजे काम संपले असे नाही. चालू असलेले अनुदान मध्येच थांबते आणि म्हातारी माणसे बँकेच्या पायऱ्यांवर बसून राहतात. त्याची कारणे बहुतेक वेळा ठरलेली असतात.

आधार खात्याला जोडलेले नसते, किंवा दोन खाती असल्यास आधार भलत्याच खात्याला जोडलेले असते. पैसे जमा झालेले असतात, पण बाई पाहते ते पासबुक दुसऱ्याच बँकेचे असते. आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव यांत फरक असतो. माहेरचे नाव एकीकडे, सासरचे दुसरीकडे. खात्यात बराच काळ व्यवहार झालेला नसतो आणि बँक ते बंद ठेवते. वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहून जातो आणि जिवंत माणूस कागदावर संशयित ठरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तहसीलपर्यंत आणणार कोण, हाही प्रश्न असतोच.

रेशनच्या बाबतीत बोटांचे ठसे उमटत नाहीत ही अडचण आहे. आयुष्यभर माती, विटा, सिमेंट आणि भांडी हाताळलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत. अशा वेळी आधार केंद्रात जाऊन ठसे व डोळ्यांची नोंद पुन्हा करून घ्यावी, आणि घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी पूर्ण आहे का ते पाहावे.

यातली बहुतेक कामे स्मार्टफोन असलेला तरुण किंवा तरुणी एका दुपारीत करू शकते. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे एवढे विचारले, तरी निम्मे कोडे सुटते.

नकार आला तर

तोंडी नकार स्वीकारायचा नाही. "होणार नाही", "कोटा संपला", "साहेब रजेवर आहेत" ही कारणे कागदावर कोणी लिहून देत नाही, म्हणून लेखी कारण मागायचे. लेखी कारण आले की पुढचा रस्ता दिसतो: कागदात त्रुटी असेल तर ती भरता येते, नियमाचा चुकीचा अर्थ लावला असेल तर वर तक्रार करता येते.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांसारख्या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत, ती देणारा अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर पहिले अपील आणि नंतर दुसरे अपील त्याच विभागातल्या वरिष्ठांकडे करता येते, तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही, पण अपील दाखल झाले की फाईल हलते.

समितीपुढे आपल्या अर्जाचे काय झाले हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात बैठकीचे इतिवृत्त आणि मंजूर-नामंजूर अर्जांची कारणांसह यादी मागता येते. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे दिलेल्या अर्जाला उत्तर मिळते, फक्त तो आधीच्या तारखांसह नीट लिहिलेला हवा.

वकील लागला तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची कलम १२ लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, दिव्यांग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

आपल्या वस्त्यांपुरते थोडेसे

निराधार योजनेसाठी जातीचा दाखला पात्रतेची अट नाही. ती धर्म किंवा जात पाहून दिली जात नाही. त्यामुळे "आमच्या कागदावर बौद्ध लिहिलंय, मग चालेल का?" ही शंका इथे मनातून काढून टाकावी. अनुसूचित जातींसाठीच्या योजनांमध्ये प्रश्न वेगळा असतो. १९९० साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला, हे कार्यकर्त्याला ठाऊक असलेच पाहिजे. शासनाच्या कागदावर "अनुसूचित जाती व नवबौद्ध" असे लिहिलेले दिसते, तो आपणच. रमाई आवास योजना आणि भूमिहीनांना जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना अशाच आहेत. गायकवाड योजनेत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद असून विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. निराधार म्हणून अर्ज करणारी आपल्या वस्तीतली बाई तिथेही पात्र असू शकते.

आणि पैशाकडेही लक्ष हवे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याबद्दल त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. अर्थसंकल्पात दाखवलेला पैसा आपल्या नावावर खर्च होतो की दुसरीकडे जातो, हे विचारणे हेही निराधारांचेच काम आहे. एकेक अर्ज भरताना हा मोठा हिशेब नजरेआड करू नये.

विहारातून काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार, दोन तास, एक टेबल आणि एक वही.

वहीत वस्तीतल्या निराधार, वृद्ध, दिव्यांग आणि दीर्घ आजारी माणसांची नावे लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: कोणती योजना लागू होते, अर्जाची तारीख व पोचपावती क्रमांक, आणि पैसे शेवटी कधी जमा झाले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. फॉर्म भरण्याची शिबिरे पुष्कळ होतात, फोटोही छापून येतात. पहिला हप्ता जमा होईपर्यंत पाठपुरावा करणारे थोडे असतात. एकट्या म्हातारीसाठी आपण दहा फॉर्म भरले यापेक्षा तिच्या खात्यात एकदा पैसे आले हे मोठे काम आहे.

तीन पथ्ये पाळा. कोणाकडूनही पैसे घेऊ नका, झेरॉक्सचे सोडून. कोणाचा ओटीपी, पिन किंवा मूळ पासबुक स्वतःकडे ठेवू नका. मदतीच्या नावाखाली फसवणूक तिथूनच सुरू होते. आणि फक्त आपल्याच समाजाची नावे लिहू नका. शेजारच्या गल्लीतली मुस्लिम विधवा, पारधी पालावरचे म्हातारे, गावातला कोणत्याही जातीचा लुळा माणूस, सगळ्यांची नावे त्याच वहीत यावीत. सहा महिन्यांनी त्या वहीतूनच तालुक्याचे चित्र समोर येईल: किती अर्ज, किती मंजूर, किती महिने अडकलेले, कोणत्या कारणाने. तो कागद घेऊन तहसीलदारांना, आमदारांना भेटा. एका बाईच्या तक्रारीला "बघतो" असे उत्तर मिळते, साठ नावांच्या यादीला तसे उत्तर देणे अवघड जाते.

मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असे बाबासाहेब म्हणाले होते. तो जाब विचारायचा तर हातात तारखा आणि आकडे लागतात. पुढच्या रविवारी वही घ्या आणि पहिले नाव लिहा.